केवळाबाई आडवी गेली

सरका जरा, म्हातारीला ऐसपैस बसू द्या. आणि भिंतीला टेकू नका कुणी. टेकलात की डुलक्या घ्याल, आणि ही गोष्ट डुलक्या घेत ऐकायची नाही.

फार वर्षांपूर्वी आपल्या नांदखोऱ्यात केवळाबाई नावाची बाई होती. किती वर्षांपूर्वी ते मला विचारू नका, मी पंचांग नाही. तुमच्या आजोबांना मिसरूड फुटत होती, गावात वीज आली नव्हती आणि अख्ख्या खोऱ्यात मिळून एकच गाडी होती, एवढं धरा.

केवळाबाईचा तेलाचा घाणा होता. लाकडी घाणा, एक म्हातारा बैल आणि ती. नवरा लवकर वारला, एक लेक होती सुंदी, ती लग्न होऊन सासरी गेलेली. ओढ्याकाठी करंजाची झाडं आहेत ना, त्यांच्या शेंगा ती गोळा करायची, फोडायची, वाळवायची आणि घाण्यात घालायची. गावातले दिवे तिच्या तेलावर जळायचे. बैलाचा खांदा सोलवटला, लेकराला खरूज झाली, की माणसं तिच्याच दारात. पण यायची संध्याकाळी. सकाळी कुणी यायचं नाही. कारण सकाळी तेलणीचं तोंड पाहिलं की दिवस वाया, आणि कामाला निघताना ती आडवी गेली की काम मोडलंच, असं म्हणतात. म्हणतात, म्हणे. तिच्या तेलाचा दिवा देवीपुढं चालायचा, तिचं तोंड तेवढं चालायचं नाही. हे सांगताना मला आजही राग येतो, आणि येऊ दे. ज्याला येत नाही त्यानं उठून घरी जावं.

तर ती गाडी. जुनी डिझेलवरची जीप होती. चालवायचा हैबती, पण किल्ली असायची आबा कारभाऱ्यांच्या कनवटीला. आबा गावातलं मोठं माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कुत्रं भुंकायचं नाही. गाडी निघायची झाली की आबांचा गडी पुढं जायचा आणि केवळाबाईच्या दाराशी ओरडायचा, "केवळे, आत हो, गाडी येतीय." मग ती हातातलं काम टाकून आत जायची आणि दार लावून घ्यायची. गाडी आल्यापासून रोज हे असंच. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही.

मग टंचाईचं साल आलं. तालुक्याच्या पंपावर डिझेलचा ठणठणाट. मोठ्या लोकांचे ट्रक मात्र मागच्या दारानं भरून जात होते, असं म्हणतात. म्हणतात कशाला, जातच होते. आपली जीप देवळामागं उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी सीटखाली अंडी घातली.

आणि नेमकी त्याच महिन्यात सुंदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस बाई अडली. सुईणीनं हात टेकले, म्हणाली, दवाखान्यात न्या. न्या म्हणजे कसं? घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली आणि घाट उतरायला लागले. केवळाबाई मागून चालत होती. तिसऱ्या वळणावर झोळीतला आवाज बंद झाला. पोर गेली, पोटातलं गेलं. आणि सुतकाला आलेल्या बाया अंगणात काय कुजबुजल्या माहीत आहे? म्हणे, तेलणीचीच पोर ती, सकाळी उठून आईचंच तोंड बघत असणार. जळ्ळं मेलं ते बोलणं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी केवळाबाई दिवसाढवळ्या देवळामागं गेली. हैबती जीप पुसत होता. तिनं विचारलं, "हैबती, ही डिझेलवर चालते?"

"हो."

"डिझेल म्हणजे तेलच ना?"

"तेलच की."

"मग तेल तर माझ्या घरात आहे," ती म्हणाली. "माझी सुंदी झोळीत का मेली?"

 हैबती माणूस सरळ होता. गाडी साफ करायची म्हणून त्यानं आबांकडून किल्ली मागून घेतली आणि केवळाबाईच्या घाण्याचं तेल गुपचूप जीपमध्ये ओतून पाहिलं. जीप खोकली, काळा धूर ओकली आणि बंद पडली. करंजाचं तेल जाड, इंजिनाच्या घशाखाली उतरेना. बिचारा चार दिवस तिचे नळ साफ करत बसला.

आता इथं गावातले लोक काय सांगतात ते ऐका. असं म्हणतात की करंजाच्या झाडात देवी आली आणि तिनं केवळाबाईच्या कानात उपाय सांगितला. अरे, बाई हुशार होती असं म्हणायला तोंड दुखतं का तुमचं? आश्रमशाळेत दुधाळ आडनावाचे मास्तर होते. केवळाबाई त्यांच्या वर्गाच्या दाराशी जाऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, जाड तेल पातळ कसं करायचं ते शिकवा. मला ते येईपर्यंत मी उठणार नाही." मास्तरांनी पुस्तकं काढली. तेलात कॉस्टिक सोडा आणि एक विषारी स्पिरिट मापात घातलं की त्यातला जाड भाग सुटा होऊन तळाशी बसतो, असं त्यांनी सांगितलं. देवीनं नाही, मास्तरांनी. आणि पुढचं सगळं केवळाबाईनं स्वतःच्या हातांनी शोधलं.

पहिल्यांदा केलं, तर नुसता साबण झाला. दुसऱ्यांदा केलं, साबण. तिसऱ्यांदा केलं, पुन्हा साबण. त्या वर्षी नांदखोऱ्यातली माणसं जेवढी स्वच्छ होती तेवढी पुन्हा कधी झाली नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की सगळा घोळ ओलाव्याचा आहे. तिनं जुन्या बिया टाकून दिल्या, नव्या कडक उन्हात वाळवल्या, तेल तडतड थांबेपर्यंत तापवलं आणि गार केलं. मग चुलीपासून लांब, उघड्या अंगणात, तोंडाला पदर बांधून सोडा आणि स्पिरिट घातलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर तळाशी काकवीसारखा काळा चिकट थर आणि वर पातळ सोनेरी तेल. ते वरचं काढून घेतलं आणि पाण्यानं तीनदा धुतलं. आणि मग ते पाणी थेंब न थेंब बाहेर काढलं. ही खरी मेहनत. तेल बाटलीत भरायचं, बाटली उन्हात धरायची आणि पलीकडून आपला तळहात बघायचा. हातावरच्या रेषा स्वच्छ दिसल्या तर तेल तयार. धुरकट दिसल्या तर पाणी आहे, पुन्हा तापवा. कधी कधी आठ आठ दिवस ती हेच करत बसायची.

त्या तेलावर जीप चालली. हैबती ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. धुराला कढईचा वास होता, आणि कुठं भजी तळतायत म्हणून सगळ्या गावाची कुत्री जीपमागं धावली, असं म्हणतात. हे मात्र खरं असावं.

आबांना कळलं आणि त्यांनी हैबतीकडून किल्ली काढून घेतली. म्हणाले, "जिचं तोंड बघून गाडी निघत नाही, तिचं तेल गाडीच्या पोटात? उभी राहू दे गाडी. गंज चढला तरी चालेल." केवळाबाईनं दोन डबे भरून ठेवले होते. ते तसेच पडवीत राहिले.

पण दैवाला घाई असते. पंधरा दिवस झाले नाहीत तोच आबांची मुलगी मंजुळा अडली. तीही पहिलटकरीण, तीही माहेरी आलेली. तीच सुईण, तिनं तसेच हात टेकले. आता काय करणार? आबांनी कनवटीची किल्ली काढली आणि गड्याला केवळाबाईकडं डबा आणायला पाठवलं. स्वतःही मागोमाग गेले. आणि अशा वेळी, पोटची पोर तळमळत असताना, गड्यानं दाराशी ओरडून काय सांगावं? "केवळे, आत हो."

ती आत झाली. तिनं दार लावलं. दाराआडून म्हणाली, "आबा, न्या डबा. फक्त पाण्याचा थेंब लागू देऊ नका."

आबांनी तेल शुद्ध करायला देवीच्या तीर्थाचा तांब्या आणलेला. तेलणीच्या हातचं तेल, ते तसंच कसं घालणार? त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि तांब्या उपडा केला. म्हणाले, "देवीचं तीर्थ म्हणजे काय पाणी नव्हे."

ऐकलंत? तीर्थ म्हणजे पाणी नव्हे. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी अक्कल.

डबा टाकीत रिकामा झाला. मंजुळाला मागं झोपवलं, आबा पुढं बसले, गाडी निघाली. गाडीचा आवाज लांब गेल्यावर केवळाबाईनं दार उघडलं. पायरीवर रिकामा तांब्या पडलेला, आत कुंकू आणि तुळशीचं पान चिकटलेलं. ती काय समजायचं ते समजली. तिनं दुसरा डबा डोक्यावर घेतला आणि पायवाटेनं सुटली.

ती वाट तिला पाठ होती. त्याच वाटेनं सुंदीची झोळी उतरली होती. असं म्हणतात की ती धावली तेव्हा करंजांनी फांद्या वर उचलून धरल्या. असं म्हणतात की डोक्यावरच्या डब्यातलं तेल हिंदकळलंसुद्धा नाही आणि पायाखालचे धोंडे आपणहून बाजूला झाले. मी तेव्हा नव्हते. पण ते धोंडे पायवाटेच्या कडेला आजही ओळीनं पडलेले आहेत, बघून या.

आणि गाडी कुठं बंद पडावी? तिसऱ्याच वळणावर, पायवाट जिथं गाडीरस्त्याला मिळते तिथं. सपाटीला होती तोवर चालली, उतार लागला आणि टाकीच्या तळाचं पाणी नळात शिरलं. हैबती इंजिनात डोकं घालून बसला होता. आबा रस्त्यावर येरझारा घालत होते. मागं मंजुळा कण्हत होती, तो कण्हण्याचा आवाजही बारीक होत चालला होता. तेवढ्यात झाडीतून केवळाबाई आली, तीही नेमकी गाडीच्या पुढ्यात.

आबा ओरडले, "केवळे, आडवी येऊ नकोस. माझी पोर आहे गाडीत."

ती थांबली. तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "माझीबी होती, आबा. हितंच. तवा मी आडवी नव्हते गेले. मी मागनं चालत होते. तरी मेली."

तिनं पदर खोचला.

"आज मी आडवी जाते," ती म्हणाली. "बघू काय होतंय."

आणि ती गाडीच्या नाकासमोरून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेली. सावकाश, सगळ्यांनी नीट बघावं अशी. मग हैबतीला म्हणाली, "टाकीचा खालचा नट उघड." हैबतीनं उघडला. आधी पाणी आलं. तांबूस पाणी, कुंकवाचं. सगळ्यांनी पाहिलं, आबांनीही पाहिलं. टाकी रिकामी केली, नळ पुसले, नवा डबा ओतला, हैबतीनं नळात अडकलेली हवा काढली आणि किल्ली फिरवली. जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. केवळाबाई पुढच्या बॉनेटवर चढून बसली, तोंड आबांकडं करून. म्हणाली, "आता दवाखाना येईपर्यंत हेच तोंड बघा."

मंजुळा वाचली. मुलगी झाली, तीही वाचली.

आता तुम्हाला वाटेल की गावानं केवळाबाईला डोक्यावर घेतलं. कशाचं काय. आबांनी देवीला पितळी घंटा वाहिली आणि सांगत सुटले की तीर्थाच्या गुणानं गाडी पोचली. आणि गावानं माना डोलावल्या. ज्यांनी कुंकवाचं पाणी डोळ्यांनी पाहिलं त्यांनीही डोलावल्या. केवळाबाईला कुणी एक नारळसुद्धा दिला नाही. ती घाण्याकडं परत गेली. पुढं टंचाई संपली, पंपावर डिझेल मिळायला लागलं, तरी मरेपर्यंत तिच्या पडवीत एक डबा कायम भरलेला असायचा. त्याला ती बाळंतिणीचा डबा म्हणायची. आणि "आत हो" म्हणून पुन्हा कुणी ओरडलं तर ती दारात येऊन उभी राहायची.

ती गेली त्या दिवशी करंज अवकाळी फुलले, आणि तिरडी देवळाजवळून जाताना हैबतीची जीप किल्ली न लावता सुरू झाली आणि आपणहून बंद झाली, असं म्हणतात. हे खरं की खोटं असं मला विचारू नका. मी मानते.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आबांच्या छातीत कळ आली. त्यांना उचलून जीपमध्ये बसवलं. हैबतीनं गाडी काढली आणि केवळाबाईच्या बंद दारासमोर उभी केली. इंजिन चालू, गाडी जागची हलेना. लोक म्हणाले, "अरे, निघ की." हैबती म्हणाला, "अजून कुणी आडवं गेलं नाही. मी अशी गाडी नेत नाही."

लोकांनी आरडाओरडा केला. हैबती हात बांधून बसून राहिला. शेवटी आबांनीच दरवाजाला धरून मान बाहेर काढली. त्यांचा घाम निथळत होता. हात जोडून म्हणाले, "या गं कुणीतरी. आडव्या या."

तेव्हा माहेरी आलेली मंजुळा पुढं झाली. ती केवळाबाईच्या पडवीत गेली, अजून तिथंच असलेल्या बाळंतिणीच्या डब्यातलं तेल बाटलीत घेतलं, उन्हात धरून आपला तळहात पाहिला आणि बापाच्या गाडीसमोरून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेली. सावकाश.

तेव्हापासून हे चालत आलंय. आपल्या खोऱ्यात आता घरटी गाड्या झाल्या, सरकारी अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा येते. पण दर साली शेंगा वाळल्या की बाया मिळून ते तेल करतात आणि बाळंतिणीचा डबा भरतात. नव्या गाडीवर इथं कुणी पाणी शिंपडत नाही. आणि आजारी माणूस घेऊन गाडी निघाली की कुणीतरी बाई बाटली घेऊन तिच्यासमोरून जाते. चुलीवर दूध उतू जात असलं तरी जाते. बाहेरगावचा नवा ड्रायव्हर असला तर तो चिडतो, हॉर्न वाजवतो. वाजवू दे. आपला ड्रायव्हर असला आणि रस्ता मोकळाच दिसला, तर तो इंजिन चालू ठेवून खाली उतरतो आणि दारोदार विचारतो, गावात बाई उरली नाही का.