सेनापतीला सुई

राजा वज्रबाहूच्या कुत्र्याला लस टोचायची कुणाची छातीच होईना!

कुत्र्याचं नाव होतं सेनापती. दरबारात कुणी खऱ्या सेनापतींना हाक मारली, की आधी हा धावत जायचा आणि ते बिचारे मागून पोचायचे.

बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं फिरून गेलं, तशी गावानं आपापली कुत्री जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन टोचून घेतली. राहिला तो सेनापती. राजाचा हुकूमच होता, "आमच्या सेनापतीला सुई लावेल त्याचा हात कलम!"

झोप उडाली ती वाड्यावर कामाला असलेल्या हौसाची. ती सेनापतीला दूध-भाकरी घालायची. तिची चिमी नुकती रांगायला लागलेली. ती त्याचे कान ओढायची, तो तिचं तोंड चाटायचा. आणि संध्याकाळ झाली की सेनापतीची स्वारी बाजारात भटकायला! हौसा दिवसभर पोरीचे हातपाय तपासत बसे, कुठं ओरखडा तर नाही ना!

शेवटी चिमीला काखोटीला मारून ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, सेनापतीला लस टोचून घ्या!"

"का गं? तो काय आजारी आहे?"

"पिसाळल्यावर लस लागत नाही महाराज, खड्डा लागतो! आणि एक नव्हे, तो ज्याला चावेल त्यालाही!"

खरी गोष्ट अशी, की सुईला भीत होते ते राजेसाहेब स्वतः! लहानपणी देवी टोचायला माणूस आला, तेव्हा हे धान्याच्या कणगीत लपून बसले होते. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

राजा गरजला, "ठीक आहे! उद्या भर दरबारात टोचा. पण कुत्र्याच्या तोंडून एक जरी आवाज निघाला, तर तू पोरीसकट राज्याबाहेर!"

"आणि नाही निघाला तर?"

"मागशील ते देऊ!"

"मग त्याला धरायला तुम्ही बसा महाराज. लेकराला टोचताना आपलं माणूस जवळ लागतं."

"आम्ही? आम्ही कशाला... म्हणजे बसू की! भितो काय आम्ही?"

प्रधानजींनी मिशीतलं हसू खोकून घालवलं.

दुसऱ्या दिवशी सेनापतीचं डोकं राजाच्या मांडीवर. हौसानं तळहातावर दाट साय घेऊन त्याच्यापुढं धरली. तो चाटायला लागला. डॉक्टरनं त्याच्या मानेची सैल कातडी चिमटीत धरली, सुई वर काढली आणि...

"आई गंऽऽऽ!"

सगळा दरबार दचकला. सेनापतीनं राजाकडे एकदा मान वळवून पाहिलं, आणि परत साय चाटायला लागला. डॉक्टर तोवर सुई पुसून पिशवीत ठेवत होता.

राजानं घाम पुसला. "आवाज आला! सगळ्यांनी ऐकला! हरलीस हौसा, बांध बोचकं!"

"आला, आला! चांगला मोठा आला!" प्रधानजी म्हणाले.

हौसानं चिमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "आला खरा. पण प्रधानजी, तुम्ही एवढे शहाणे, तेवढं सांगा. तो कुत्र्याचा होता का?"

प्रधानजींनी तोंड उघडलं. 'हो' म्हणावं तर महाराजांना कुत्रा म्हटल्यासारखं! 'नाही' म्हणावं तर हौसा जिंकली! उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं.

"मला... मला हल्ली जरा कमी ऐकू येतं!"

"असू दे. मग दरबारात आणखी कुणी सांगा! जो म्हणेल 'हा कुत्र्याचाच आवाज', त्यानं महाराजांसमोर उभं राहून म्हणावं. मी आत्ता बोचकं बांधते!"

कुणी छताकडे बघायला लागलं, कुणी पागोटं नीट करायला लागलं. राजानं एकेकाचं तोंड पाहिलं, आणि त्याला असं हसू फुटलं की मांडीवरचा सेनापती खाली घसरला!

"जिंकलीस गं बाई! माग, काय हवं ते माग!"

"गावात बेवारशी कुत्री पुष्कळ आहेत महाराज. तेवढी सगळी टोचून द्या."

राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून चिमीपुढं धरलं आणि म्हणाला, "हे हिला! आणि कुत्री सगळीच्या सगळी टोचू! फक्त धरायला आम्हाला बोलावू नकोस!"