दोन झेंड्यांमधली तुळसा

एका राज्यात राजा नव्हता, सिंहासन मात्र रोज पुसून लख्ख ठेवलं जात होतं. थोरला राजा निपुत्रिक वारला होता. गादीवर हक्क सांगणारे दोघे: त्याचा पुतण्या उदयमल्ल आणि भाची हेमांगी. राज्याची रीत अशी, की प्रजेने मैदानात जमावं. पुतण्याचा झेंडा पांढरा, भाचीचा निळा. ज्या झेंड्याखाली माणसं जास्त, त्याचं राज्य. पण दर खेपेला दोन्हीकडे माणसं अगदी सारखी भरत. इकडचा कोणी आजारी पडून घरी राहिला, की तिकडचाही कोणी अंथरूण धरी.

हा शाप होता, धूम्रनाथ नावाच्या जादूगाराचा. त्याने एकदा नगराच्या आटलेल्या विहिरीला पाणी आणून दिलं होतं. घरोघरी त्याला प्रेमाने जेवू घातलं गेलं. पुढे एकदा भर सभेत कोणी तरी 'चेटक्या' म्हणून ओरडलं, आणि ज्यांनी त्याला वाढलं होतं त्यांनीही तीच ओरड केली. जाताना तो म्हणाला, "आज बोललात तसेच यापुढे बोलाल. घोळका म्हणेल ते तुम्हांला मनापासून खरं वाटेल. आणि तुमचे घोळके कायम समसमान राहतील."

तेव्हापासून ओढ्याअलीकडची तांबट आळी एका सुरात उदयमल्लाचं नाव घेई, पलीकडची रंगारी आळी हेमांगीचं. त्या साली पीक बुडालं. राजवाड्याचं कोठार धान्याने भरलेलं होतं, पण त्याचं दार राज्य करणाऱ्याचा हात लागल्यावाचून उघडत नसे.

तुळसा ही रंगाऱ्याची लेक, तांबटाची सून. तिचं सगळ्यांहून विचित्र होई. सासरी नवरा सोमाजी हंड्यावर ठोके घालता घालता म्हणे, "उदयमल्लाने सीमा राखली." तुळसेला ते अगदी पटे. मग लेकीला कडेवर घेऊन ती ओढ्यावरचा साकव ओलांडून माहेरी जाई. बाप लखमाजी म्हणे, "हेमांगीने तलाव खोदवले," आणि तुळसेच्या तोंडून आपोआप निघे, "तेच तर मी म्हणते, आबा." परत सासरी आली की तिला शरम वाटे. ती खोटं बोलत नव्हती. दोन्हीकडे खरंच बोलत होती. मग यातली तुळसा कोणती, ते काही केल्या तिला उमगेना.

एके दिवशी ती साकवाच्या मधोमध थांबली. लेक भुकेने किरकिरत होती. कठड्यावर एक भारद्वाज बसला होता.

"तुळसे, राज्य कोणी करावं?" भारद्वाजाने विचारलं.

तुळसेने तोंड उघडलं. शब्दच आला नाही.

"इथे कोणाची आळी नाही, म्हणून शब्द नाही," पक्षी म्हणाला. "धूम्रनाथ पलीकडच्या डोंगरावर राहतो. त्याच्याकडे जा."

तिने घरी येऊन लेक नवऱ्याच्या हाती दिली.

"कशाला जातेस?" सोमाजीने विचारलं.

"मला काय वाटतं, ते विचारायला."

"ते दुसऱ्या कोणाला कसं ठाऊक असेल?"

ती निघाली.

धूम्रनाथ आता फार म्हातारा झाला होता. त्याने तिच्यासमोर तीन निळी फळं ठेवली. "पहिलं पोपटांच्या राईत खा. दुसरं वटवाघळांच्या गुहेत. तिसरं उघड्या कातळावर, एकटीने. आणि चव सांग."

राईत तुळसेने फळ चावलं. ते कडूजहर होतं. पण फांद्याफांद्यांवरून पोपट म्हणू लागले, "गोड, गोड," आणि बघता बघता तिची जीभ गोड झाली. गुहेत दुसरं फळ आधी साखरेसारखं लागलं. अंधारातून वटवाघळं म्हणाली, "कडू," आणि तिला थुंकावंसं वाटलं. कातळावर कोणीच नव्हतं. तरी पहिला घास घेताच पोपट आणि वटवाघळं दोन्ही तिच्या कानांत कलकलू लागली. तिने घाई केली नाही. उन्हात बसून ती सावकाश चावत राहिली. फळ संपलं, नुसती बी उरली, तरी काही ठरेना. ती रडकुंडीला आली.

"काय चव होती?" धूम्रनाथाने विचारलं.

"मला सांगता येत नाही, महाराज."

"इथवर आलेल्यांपैकी कोणी हे उत्तर दिलं नव्हतं," तो म्हणाला. "मुली, मी सगळ्या नगरावर रागावलो. नेमका कोणावर रागावलो, ते आठवू गेलो तर एकही चेहरा आठवेना. शाप मला मागे घेता येत नाही. कोणत्याही आळीने तुला दिलं नाही असं एक वाक्य भर मैदानात बोल. तेवढ्याने तो सुटेल."

पुढच्या सभेला तुळसा दोन्ही झेंड्यांच्या मध्ये उभी राहिली. इकडून सोमाजी हाक मारी, तिकडून लखमाजी. इकडे पाहिलं की पाय इकडे ओढत, तिकडे पाहिलं की तिकडे. तिने डोळे मिटले.

"मला अजून ठरवता येत नाही," ती म्हणाली. "मला दोघांनाही विचारायचं आहे. कोठार उघडलं तर धान्य आधी कोणाला देणार?"

मग तांबटांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "मलाही हेच विचारायचं होतं. का विचारलं नाही, कोण जाणे."

उदयमल्ल पुढे आला. "आधी सीमेवरच्या शिपायांना. ते उपाशी राहिले, तर कोठार शत्रू लुटेल."

हेमांगी म्हणाली, "आधी लेकरांना. शिपायांचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही."

लोकांना दोघांचंही थोडं पटलं, थोडं पटलं नाही. मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. शेजारी शेजाऱ्याकडे नव्याने पाहू लागला. काही रंगारी पांढऱ्या झेंड्याखाली गेले, काही तांबट निळ्याखाली. लखमाजी पांढऱ्याखाली गेला, आणि आपण असे कसे आलो म्हणून गोंधळून तिथेच उभा राहिला. तुळसा सगळ्यांत शेवटी हलली. ती निळ्याखाली गेली. आपण बरोबर केलं की नाही, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

त्या दिवशी निळ्या झेंड्याखाली माणसं जास्त भरली. हेमांगीने हात लावताच कोठाराचं दार उघडलं. लेकरांना ओंजळभर धान्य मिळालं, आणि उरलेल्याचं काय करावं हे विचारायला राणीने उदयमल्लाला शेजारी बसवून घेतलं. शाप सुटला.

सोमाजी लेकीला खांद्यावर घेऊन घरी निघाला.

"तू माझ्याजवळ का नाही आलीस?" वाटेत त्याने विचारलं.

तुळसेने कारण सांगितलं: जे सुचलेलं नाही, ते हेमांगीने लपवलं नाही.

"मला नाही पटत."

"मग तुमचं सांगा."

तो सांगू लागला. तिने मध्येच अडवलं, त्याने पुन्हा सांगितलं. घर आलं तरी बोलणं संपेना, तेव्हा दोघं ओट्यावरच टेकली. लेक केव्हाच झोपली होती. तिला मांडीवर घेऊन तुळसा म्हणाली, "हं, पुढे बोला."