रायाजीच्या हातचा दंड

एका राज्यात राजाला कलकलाट सोसत नसे. राजाचं नाव चित्रकेतू. त्याने कालकंठ जादूगाराकडून आपल्या शिपायांसाठी मंतरलेले दंड मागून आणले. समोर कुणी आवाज चढवला की दंड आपोआप उठतो आणि पाठीत बसतो, असं लोक सांगत.

एका वैशाखात राजाने तलावाच्या धरणाची, गावांकडे पाणी सोडणारी मोरी बंद करवली. सारं पाणी राजवाड्याच्या कमळवनाला वळवलं. खालच्या तीन गावांतले मळे करपले, तेव्हा माणसं धरणावर जमली. ओरडू लागली, "मोरी उघडा!" दंड उठले. हैबती नावाचा कुंभार सर्वांच्या पुढे होता. तो पडला, तो पुन्हा उठला नाही.

त्याच घटकेला शिपायांच्या मुठी मिटल्या त्या उघडेनात. दंड तळहातांना चिकटले. शिपाई डाव्या हाताने जेवू लागले, दंड कुशीत घेऊन निजू लागले. त्यांची लेकरं त्यांच्याजवळ येईनात.

राजसभेत वाद सुरू झाला. प्रधान म्हणत, "दोष जमावाचा. ते ओरडले नसते तर दंड उठले नसते." पंडित म्हणत, "दोष दंडाचा. जादूपुढे माणूस काय करणार?" सेनापती म्हणत, "दंड नसते तर धरण फुटलं असतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हैबतीची बायको सगुणा सभेच्या दाराशी येऊन उभी राही. तिला कुणी आत बोलावत नसे. तिचा आवाज चढेल, अशी सर्वांना भीती. अशी तीन वर्षं गेली. गावं दोन कोसांवरून पाणी वाहत राहिली, सभा बोलत राहिली.

शिपायांचा दंडनायक होता रायाजी. हैबतीला लागला तो दंड त्याच्याच हातचा. वादांनी तो थकला, त्या ओझ्याने त्याहून थकला. शेवटी कालकंठाचा डोंगर चढून गेला. गुहेत जादूगार नव्हता. उंबऱ्यावर एक भारद्वाज पक्षी बसला होता.

पक्षी म्हणाला, "धनी वारले. काय हवं?"

"हा दंड सोडवायचा आहे."

"मंत्र साधा आहे. आवाज चढला की दंड तापतो. एवढंच. उगारतो तो हात."

रायाजी खडकावर बसला. म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"म्हणून तर सुटत नाही," पक्षी म्हणाला. "तीन कामं कर. ज्यांना मार बसला त्यांच्या दारी जा, ऐक, उत्तर देऊ नकोस. मग भरल्या सभेत हात कुणाचा होता ते सांग. आणि जमाव पुन्हा ओरडेल तेव्हा दंड खाली धर. हात भाजेल."

रायाजी घरोघर फिरला. एकेचाळीस घरं. एका विणकरणीचं कोपर सरळ होत नव्हतं. एका म्हाताऱ्याचा कान गेला होता. तो ओरडूनच बोलला, आणि दंड तापत राहिला. रायाजीच्या ओठांवर आलं, 'तुम्ही पुढे पुढे येत होतात.' त्याने ते गिळलं.

शेवटचं घर सगुणाचं. ती ओरडली नाही.

म्हणाली, "मडकी भाजायचा आवा पेटवून गेले होते. 'आलोच' म्हणाले. आच सांभाळायला कुणी नव्हतं, सगळी मडकी तडकली. एवढंच सांगायचं होतं मला सभेत. तीन वर्षं."

रायाजी तसाच सभेत गेला.

"महाराज, दंड उठला नव्हता. मी उठवला. हैबतीच्या हातात काही नव्हतं. मला भीती वाटली. रागही आला."

प्रधान घाईने म्हणाले, "जादूमुळेच ना?"

"जादू नुसती तापवते. मारलं मी."

राजाने विचारलं, "आणि आज्ञा कुणाची होती?"

"आपण म्हणालात, 'गप्प करा त्यांना.' कसं, ते मी ठरवलं."

राजा उठून आत गेला. रायाजीचं बोलणं दुपारपर्यंत तिन्ही गावांत पोचलं, आणि दुसऱ्या सकाळी धरण माणसांनी भरलं. तीन वर्षांचा दाबलेला आवाज एकदम फुटला. राजवाड्यातून निरोप आला, "गप्प करा त्यांना."

दंड निखाऱ्यासारखे लाल झाले. रायाजी जमावाकडे पाठ करून आपल्या शिपायांसमोर उभा राहिला.

"खाली धरा," तो म्हणाला.

"दंडनायक, हात जळतोय!" एक शिपाई कळवळला.

"माझाही जळतोय. खाली धरा."

कातडी करपल्याचा वास सुटला. ऊन डोक्यावर आलं. कुणी दगड मारला, तो रायाजीच्या पाठीत बसला. त्याने वळून पाहिलं नाही. एकही दंड उठला नाही. मग पहिला दंड गळून पडला, त्यामागून दुसरा, आणि धरणभर लाकडं पडल्याचा आवाज झाला.

गप्प करायला कुणी उरलं नाही, म्हणून राजाला ऐकावं लागलं. तो चालत धरणावर आला, लोकांचं ओरडणं ऐकत उभा राहिला. मग त्याने रायाजीला विचारलं, "एवढंच म्हणतायत हे? मोरी उघडा?"

"एवढंच, महाराज. पहिल्या दिवसापासून."

मोरी उघडली. पाणी पाटाला लागलं. राजाने नेम घालून दिला, शिपायाने हात उचलला तर सभेत आधी मार खाल्लेला बोलेल, मग शिपाई, आणि प्रधान सर्वांत शेवटी.

त्या नेमाने पहिली सगुणा बोलली. तिने सगळं सांगितलं, आवाज चढवूनही सांगितलं. राजाने मान खाली घालून ऐकलं. रायाजीला सात वर्षं कालवा खणण्याची शिक्षा झाली.

बाहेर पडताना सगुणा त्याला म्हणाली, "मी माफ केलेलं नाही."

"मी माफी मागितलेली नाही," रायाजी म्हणाला.

हातांना पट्ट्या बांधून तो कालव्याकडे चालू लागला. वाटेत माणसं पाणी भरत होती. कुणी बाजूला झालं नाही, कुणी घाबरलंही नाही.

त्या राज्याचं गाऱ्हाणं उशिरा का होईना ऐकलं गेलं. तुमचंआमचं वेळेवर ऐकलं जावो.