निसर्गाला कुलूप

ज्यांना एखादा विषय कळत नाही, तेच तो बंद करायला सर्वांत आधी धावतात! लिंगभाव अभ्यासाच्या वर्गात घुसून संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब गरजले, "मुलींचा ओढा घराकडेच असतो, हा निसर्ग आहे. त्यात शिकायचं काय? दोन वाक्यांत सांगा, नाहीतर उद्यापासून हा वर्ग बंद!"

प्राध्यापक गांगरले. पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीला, शलाकाला मात्र राहवेना. ती ताडकन उठली.

"दादासाहेब, हा निसर्गच असेल, तर संध्याकाळी सातला मुलींच्या वसतिगृहाला कुलूप कशाला लावता? जे टिकवायला कुलूप लागतं, ते माणसांनी ठरवलेलं असतं आणि त्यालाच आम्ही लिंगभाव म्हणतो."

वर्गात हशा पिकला. दादासाहेबांनी घाम पुसला. "चालू द्या वर्ग," ते पुटपुटले.

दारातल्या शिपायाने अदबीने विचारलं, "मग साहेब, ते कुलूप आता मुलांच्या वसतिगृहाला लावू का?"