कातळावरचं घर

एका गावात एक साळी राहायचा, त्याची साळीण राहायची आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवायला साळ्याची म्हातारी आई होती. घर भाड्याचं, पण माग स्वतःचा. खड्ड्यात पाय सोडून साळी विणायला बसला, की धोटा असा पळायचा की बघत राहावं. आपल्या मालकीच्या घरात एकदा हा माग बसावा, एवढीच म्हातारीची आस.

पोटाला चिमटा घेत घेत शेवटी पेठेतलं एक घर ठरलं. पंचांपुढे खरेदीखत व्हायचं होतं. मग काय, तयारीला ऊत आला. साळ्यानं मुहूर्त काढला, साक्षीदारांना गाठलं, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून हद्दी दाखवून घेतल्या. पेढेसुद्धा सांगून झाले.

म्हातारी म्हणाली, "सगळं केलंस बाबा. आता पहार घेऊन जा आणि मागाच्या जागी कमरेइतकं खणून बघ."

साळ्याला ते बरं वाटेना. "आई, घर अजून त्यांचं आहे. एवढा सारवलेला सोपा उकरायचा? लोक म्हणतील, घर घ्यायला आलाय का घुशी धरायला?"

"म्हणू देत. विणायचं तुला आहे, लोकांना नाही."

साळी नुसता हसला. घरमालकाला त्यानं विचारलंही नाही, आणि घरमालक तरी आपणहून कशाला सांगतोय?

खत झालं, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला घेतला, तर वीतभर मातीखाली पहार खणकन वाजली. सोप्यात खणलं, माजघरात खणलं, परसात खणलं. सगळीकडे काळा कातळ. खड्डाच नाही तर पाय कुठं सोडायचे? माग सुटा होऊन भिंतीला टेकला आणि साळी दुसऱ्याच्या मागावर रोजंदारीनं जाऊ लागला. म्हातारी त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. तिसऱ्या वर्षी ती गेली. आपल्या घरात धोटा वाजलेला तिनं काही ऐकला नाही.

मग साळ्यानं घर विकायला काढलं. पलीकडच्या आळीतला, तांब्याची भांडी घडवणारा एक तांबट बघायला आला. इकडं तिकडं फिरला, सारवलेल्या जमिनीवर पाय दाबून बघितला आणि म्हणाला, "बघू, कळवतो." त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

साळीण हळूच म्हणाली, "कातळाचं बोलू नका. आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

साळ्यानं पहार आणली आणि तांबटाच्या हातात दिली. "आधी खणून बघा. खाली कातळ आहे. मी न बघता खत केलं. त्यात माझ्या आईची आस राहून गेली, ती आता भरून देता येत नाही."

तांबटानं पहार मारली आणि त्याचा चेहराच बदलला. "अहो, वरची माती बघून मी निघालोच होतो. माझ्या घराची जमीन भुसभुशीत, ऐरण रोज खचते. मला असाच कातळ हवाय."

दोघांनी घरांची अदलाबदल ठरवली. या खेपेला साळ्यानं तांबटाच्या घरात आधी खणून बघितलं, मगच पंचांना बोलावलं. माग बसला, धोटा पळू लागला. ऐकायला म्हातारी नव्हती, ती उणीव राहिलीच. पण घराला बरकत आली. वर्षाच्या आत त्या मागाशेजारी दुसरा माग बसला आणि साळी पुन्हा कुणाच्या दारी रोजंदारीला गेला नाही.

तात्पर्य: ज्या कामासाठी घर घ्यायचं, ते काम तिथं होईल का, हे खत होण्याआधी बघावं. तेव्हा विचारायला लाजलेला माणूस पुढं जन्मभर हळहळत बसतो.