उतारावरची ट्रायल

शोरूमचं बिल परवडेना, म्हणून आरोग्यसेविका यमुना भांगरेंनी मोटारसायकलचे ब्रेक शू घरीच बदलले. पण रोजचा रस्ता घाटाचा आणि मागे लेक बसणार. मनातली धाकधूक जाईना, तेव्हा त्यांनी गाडी एकदा गजेंद्रशेठच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली.

शेठ स्वतः ट्रायलला गेले. एका हाताने फोन कानाला धरून समोरचा उतार उतरून दारात आले आणि मान हलवत म्हणाले, "बाई, ब्रेक कामातून गेलेत. घरी उद्योग केलात ना? या गाडीवर घाट उतरलात तर मायलेकी दरीत जाल. आठ हजारांचं काम आहे."

बाकड्यावरची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. यमुनाबाईंना स्वतःच्याच कामाची शंका आली. स्प्रिंग उलटी तर बसली नसेल? तेवढ्यात त्यांची नजर दारातल्या कुत्रीवर गेली. गाडीच्या चाकापासून वीतभर अंतरावर ती निवांत झोपली होती.

"शेठ," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता तुम्ही उतारावरून आलात ते एका हातात फोन धरून. मग ही कुत्री जिवंत कशी?"

शेठनी चावी पुढे केली.

तरी घाटातल्या पहिल्या वळणावर यमुनाबाईंनी ब्रेक जरा आधीच दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.