सात दालनांचं एकखणी घर

"सात दालनं! उद्या दिवस मावळायच्या आत! नाहीतर परवा या जागेवर माझा हत्ती डुलेल!"

राजा भद्रसेन असा गरजला आणि सटवा बुरुडाच्या हातातली अर्धवट विणलेली टोपली खाली पडली.

त्या बिचाऱ्याने काही केलं नव्हतं हो! सगळा घोळ त्याच्या बायकोच्या जिभेने केला. राजवाड्याच्या उंच भिंतीला खेटून या दोघांचं एकखणी घर. राजाला तिथे हत्तीशाळा हवी होती. "एवढ्याशा खुराड्यात कशाला कुचंबता? जा दुसरीकडे!" असं तो म्हणाला. तर ही ठकू पदर खोचून म्हणते कशी, "कुचंबतंय कोण, महाराज? तुमच्या महालात जे आहे, ते सगळं आमच्या घरात आहे!"

झालं! राजा आधीच हट्टी, त्यात महालाचा त्याला भारी तोरा. महालासारखी सात दालनं या घरात दाखव, म्हणाला. नवी भिंत घालायची नाही आणि शेजाऱ्याचं घर मागून आणायचं नाही!

राजाची पाठ वळताच सटवाने डोक्याला हात लावला. "अगं, मी पाय पसरले तर पोरांना कूस बदलावी लागते! सात दालनं काय टोपलीसारखी विणणार आहेस?"

"तुम्ही एकच करा," ठकू म्हणाली. "उद्या लवकर उठू नका!"

सकाळी राजा आला. सोबत प्रधान, दालनं मोजायला. राजा दारातून आत शिरला आणि टण्ण! मुकुट चौकटीला आपटला. आत गोधड्यांवर पोरं घोरत होती. सटवा जागाच होता, पण भीतीने गोधडी डोक्यावरून घेऊन पडला होता.

"शूऽऽ!" ठकू पुटपुटली. "हे शयनगृह, महाराज. माणसं झोपलीत."

राजा मुकाट्याने चवड्यावर उभा राहिला. प्रधानाने मोजायला एक बोट दुमडलं.

ठकूने टाळी वाजवली. पोरं टुणकन उठली, गोधड्यांची वळकटी झाली आणि जमिनीवर पाट आला. "बसा, महाराज! हा दिवाणखाना!" राजा बसतो न बसतो तोच पाट उचलला गेला. सटवा कोयता काढून सपासप बांबू चिरायला लागला. "पाय वर घ्या, महाराज! हा कारखाना!"

तेवढ्यात वळकटीवर कोण बसणार यावरून पोरांची जुंपली. पिंगी म्हणे मी, भिवा म्हणे मी!

"ही आमची न्यायसभा," ठकू म्हणाली. "आता तुम्हीच निवाडा करा!"

राजाने खूप गंभीर चेहरा केला. "दोघांनीही बसू नये. वळकटीवर राजा बसेल!" आणि खरंच ऐसपैस बसला.

मग काय विचारता! सटवाने सूप उलटं धरून बडवलं, पोरं नाचली, राजाची मान डोलली आणि बघता बघता रंगमहालही झाला. राजाने असा काही ठेका धरला की त्याचं कोपर मडक्यांच्या उतरंडीला लागलं!

"अहो, खजिना सांभाळा!" ठकू ओरडली. प्रधानाने धावत जाऊन उतरंडीला मिठी मारली. वरच्या मडक्यातून ठकूने गुळाचे खडे काढले, एक राजाच्या हातावर ठेवला, एक प्रधानाच्या तोंडात घातला. त्याचे हात मोकळे नव्हते ना!

शेवटी तिने चूल पेटवली. "आणि हे सातवं, भोजनगृह!" तव्यावरून उचललेली भाकरी थेट राजाच्या ताटात पडली. राजाने हात लावला आणि दचकून मागे घेतला.

"बाई गं! हिला ताप आलाय!"

पोरं खो खो हसत सुटली. ठकू म्हणाली, "महाराज, भाकरी अशीच असते! गरम!"

बिचाऱ्या राजाला काय ठाऊक? मुदपाकखाना महालाच्या एका टोकाला, भोजनगृह दुसऱ्या टोकाला. त्याच्या ताटात आजवर सगळं गारढोणच आलेलं! राजाने घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरी भाकरी मागितली. मग तिसरी.

प्रधान मात्र चिडला. "महाराज, ही फसवणूक आहे! खोली एकच! सात दालनं एकाच वेळी कुठे आहेत?"

ठकूने तव्यावरची भाकरी उलटली. "महाराज, तुमच्या सातही दालनांत तुम्ही एकाच वेळी बसता का हो?"

"छे! ते कसं जमेल?" राजा भरल्या तोंडाने म्हणाला.

"मग तुम्ही एका दालनात असता, तेव्हा बाकीची सहा काय करतात?"

राजा विचारात पडला. "धूळ खातात!"

"बघा! तुमच्याकडे राजाला पायपीट करत दालनाकडे जावं लागतं. आमच्याकडे दालनंच माणसाकडे चालत येतात!"

राजा असा हसला, असा हसला की वळकटीवरून गडगडत खाली आला! "जिंकलीस, बाई! हे घर तुझंच! आणि वर बक्षीस माग. वाडा देऊ? पलंग देऊ? झुंबर?"

"नको हो, ठेवू कुठे?" ठकू म्हणाली. "जागा लागणार नाही असं काही द्या."

"असं काय आहे?"

"सकाळचं ऊन! तुमची ही भिंत ते सगळं अडवते. आमच्या सुपाटोपल्या दुपारपर्यंत ओल्याच राहतात."

राजाने डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागला. "प्रधानजी, ठरल्याप्रमाणे उद्या हत्ती आणा!"

दुसऱ्या दिवशी हत्ती आला. डुलत डुलत ठकूच्या घराजवळून पुढे गेला, राजवाड्याच्या भिंतीला त्याने डोकं लावलं आणि धडाड्‌धूम! भिंत आडवी! ठकूच्या दारात लख्ख ऊन पडलं. त्या उन्हात पहिला येऊन बसला तो राजाच, आणि त्याने स्वतःचं ताट आणलं होतं!